लिलावाचे घर आणि त्याचा ताबा

ब्रिटिश हिंदुस्थानात 1859 साली दिवाणी कामकाजाची पहिली एकत्रित संहिता आली, आणि कोर्टाच्या लिलावात घर विकत घेणे व त्यात पाऊल ठेवणे यांतील अंतर कायद्यात नोंदले गेले. 1908 च्या संहितेतील आदेश 21 नुसार सर्वांत मोठी बोली लावणाऱ्याने पंचवीस टक्के रक्कम तिथल्या तिथे आणि बाकीची पंधरा दिवसांत भरायची असते; लिलाव कायम झाल्यावर त्याला विक्रीचा दाखला मिळतो, पण ताब्यासाठी पुन्हा अर्ज करावाच लागतो.

एकोणिसाव्या शतकातील मुंबई इलाख्यात बोली लावणारा बहुधा सावकारच असे, आणि जमीन त्याच्या नावावर चढली तरी कसणारे कुटुंब पुष्कळदा कूळ म्हणून तिथेच राही. 1875 साली सुपे या गावापासून पेटलेल्या दंग्यांत शेतकऱ्यांनी कर्जरोखे जाळले ते या कोर्टकचेरीच्या धास्तीने; पुढे 1879 च्या कायद्याने दख्खनमधील शेतकऱ्याची गहाण नसलेली स्थावर मिळकत साध्या पैशाच्या हुकूमनाम्यासाठी विकण्यास बंदी घातली. घरात हक्काचा भाडेकरू असला, की दाखल्याची नक्कल दर्शनी भागी चिकटवून दवंडी पिटली जाई आणि तेवढ्यावर ताबा दिल्याचे मानले जाई. यालाच प्रतीकात्मक ताबा म्हणतात.

रिकामे घर त्या मानाने सोपे वाटते, पण तेथे दवंडी पुरत नाही. बेलीफ, म्हणजे कोर्टाचा हुकूम बजावणारा कर्मचारी, पंचांसमक्ष कुलूप उघडतो किंवा तोडतो, आत काय आहे ते पंचनाम्यात लिहितो आणि खरेदीदाराच्या हाती घर देतो. लिलाव भिंतींचा झालेला असतो, फडताळातल्या पितळी भांड्यांचा नव्हे. म्हणून ही यादी नीट झाली नाही, तर जुना मालक चोरीची तक्रार घेऊन उभा राहू शकतो.

2002 च्या सरफेसी कायद्याने बँकांना थकीत कर्जाच्या वसुलीसाठी कोर्टाबाहेर हीच वाट मोकळी केली. दवंडीऐवजी आता दारावर नोटीस लागते आणि ती दोन वर्तमानपत्रांत छापली जाते, त्यांतील एक स्थानिक भाषेतले असते. मात्र प्रत्यक्ष कब्जा घेताना अडथळा येण्याजोगा असेल, तर बँक जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे किंवा महानगरातील मुख्य दंडाधिकाऱ्याकडे जाते. ‘जसे आहे, जेथे आहे’ या अटीवर विकल्या जाणाऱ्या सदनिकेच्या जाहिरातीत ‘प्रतीकात्मक ताबा’ असे छापलेले असेल, तर दार उघडून घेण्याची पुढची यातायात खरेदीदाराच्या वाट्याला येऊ शकते, आणि जाणकार माणूस बोली लावताना ती किमतीतून वजा करतो.