भाजीत शिसं सापडलं, पण ते आलं कधी?

मेथीची जुडी धुतली, वाळवली, दळली, आम्लात विरघळवली आणि यंत्रात घातली. पडद्यावर शिशाचा आकडा आला. आपल्याला वाटतं, झालं काम! खरं तर प्रश्न इथून सुरू होतो.

शिरूर तालुक्यात पुणे-नगर रस्त्यालगत रांजणगावची एमआयडीसी आहे, तर दौंडमध्ये पुणे-सोलापूर रस्त्यालगत कुरकुंभची. एमआयडीसी स्थापन झाली १९६२ साली. पाणी प्रदूषणाचा राज्याचा कायदा आला १९६९ मध्ये, प्रदूषण नियंत्रण मंडळ १९७० मध्ये आणि केंद्राचा कायदा १९७४ मध्ये. या कायद्यांची नजर सांडपाण्यावर होती. कारखाना येण्याआधी शेजारच्या वावरात किती धातू होता, याची नोंद ठेवणं हा त्यांचा विषय नव्हता. म्हणजे आज आकडा मिळाला तरी ‘आधी’चा आकडा हाताशी नसतो.

त्यात आपली काळी माती बेसॉल्टची. तांबं, निकेल, क्रोमियम तिच्यात मुळातच असतं. स्फुरदाच्या खतातून कॅडमियम येतं. २००० सालापर्यंत पेट्रोलमधून शिसं रस्त्याकडेला पडत होतं आणि शिसं मातीतून सहजासहजी जात नाही. मग दोष कोणाच्या माथी मारायचा?

जपानमध्ये हाच पेच पडला होता. तोयामा भागात लोकांची हाडं ठिसूळ होत होती. डॉ. नोबोरू हागिनो यांनी रुग्णांची गावं नकाशावर मांडली. ती जिंझू नदीच्या पाण्यावर भातशेती करणाऱ्या पट्ट्यात निघाली. वरच्या अंगाला कामिओकाची खाण होती, तिथून कॅडमियम येत होतं. १९६८ मध्ये सरकारने हे मान्य केलं. जुनी नोंद नव्हती, तिथे तुलनेने काम केलं.

आपणही तेच करू शकतो. वसाहतीजवळचं एक शेत घ्या आणि तशाच मातीचं, पण वसाहतीपासून आणि हमरस्त्यापासून लांबचं दुसरं. पीक एकच ठेवा. वरच्या थराची आणि फूट-दोन फूट खालची माती वेगवेगळी तपासा. विहिरीचं पाणीही घ्या. आणि शेतकऱ्याला विचारा, पाणी कधीपासून बदललं, कोणतं खत घालता, काय फवारता. ही उत्तरं तारखेसकट वहीत उतरवा, तीसुद्धा विदाच आहे.

घाईने निष्कर्ष काढला तर माळव्याचा भाव पडतो तो शेतकऱ्याचा आणि खरा दोषी नामानिराळा राहतो. म्हणून प्रबंधाच्या आराखड्यात नमुन्यांच्या यादीआधी त्या शेताचा इतिहास लिहा.