प्रेरणा प्रकल्प

शेतकरी कुटुंबांतील ताण व नैराश्य वेळेत ओळखून समुपदेशन आणि औषधोपचार मिळवून देणारा महाराष्ट्राच्या सार्वजनिक आरोग्य विभागाचा कार्यक्रम. दुष्काळी २०१५ साली तो सुरू झाला. छत्रपती संभाजीनगरसह (औरंगाबाद) मराठवाड्याचे आठही जिल्हे आणि विदर्भातील सहा जिल्हे त्यात आले. २०२३ या एकाच वर्षात मराठवाड्यात १,०८८ शेतकरी आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत बीडच्या २६९ आणि छत्रपती संभाजीनगरच्या १८२ होत्या.

प्रकल्पाचा कणा म्हणजे आशा कार्यकर्ती. ती साधारण हजार लोकवस्तीमागे एक आणि त्याच गावची असते. घरोघरी जाऊन ती ठरलेले प्रश्न विचारते आणि गरज दिसेल त्याला पुढे पाठवते. वैजापूर किंवा सिल्लोडच्या खेड्यातला माणूस ‘मला नैराश्य आलंय’ असे म्हणत नाही. झोप लागत नाही, अन्न गोड लागत नाही, छातीत धडधडतं, डोकं चालत नाही, असे सांगतो आणि सलाइन लावून परत येतो. आशाताईला त्याचे घर, कर्ज आणि करपलेली कपाशी ठाऊक असते. म्हणून तिने विचारलेला प्रश्न अनोळखी डॉक्टरच्या प्रश्नापेक्षा खोल जातो.

ताण हा आजार नव्हे. पाऊस लांबला, सावकार दारात आला की धास्ती वाटणारच. बोलणे, झोप, शेजाऱ्यांचा आधार यांनी ती बहुधा ओसरते. मात्र उदासी दोन आठवडे रोजच टिकली, कशातच मन लागेना, जगणे नकोसे वाटू लागले, तर ते नैराश्य समजून उपचार घ्यावेत. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि मळमळ, सुस्ती आधी जाणवते. त्यामुळे अनेक जण औषध मध्येच सोडतात. घरच्यांनी सर्वांत जास्त जपायचा काळ हाच. दारूने झोप येते, पण नैराश्य बळावते.

राज्यातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर व रत्नागिरी येथे आहेत; मराठवाड्यात एकही नाही. संभाजीनगरात आधार आहे तो ‘घाटी’चा, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचा.

समुपदेशनाने कर्ज फिटत नाही, कापसाला भावही मिळत नाही. म्हणून हा प्रकल्प शेतीधोरणाची जागा घेऊ शकत नाही. तरीही कर्जाचा तिढा सुटेपर्यंत माणूस जगायला हवा आणि तेवढ्यासाठी ही सेवा अत्यावश्यक आहे. तिच्यावरचा खर्च दुष्काळी मदतीइतकाच निकडीचा मानला पाहिजे.

आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ गृहीत धरतो व तिच्या उपचारांची जबाबदारी शासनावर टाकतो. शासनाची ‘टेली-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तिच्यावर मराठीत बोलता येते.