अंगठे धरण्याची कुळकथा

पाय समोर पसरून बसायचे, गुडघे न उचलता पुढे वाकायचे आणि हातांनी पायांचे अंगठे धरायचे. खेळाडूंच्या लवचीकतेचा हा सर्वांत ओळखीचा व्यायाम, पण त्याचे मूळ खेळात नाही. पंधराव्या शतकाच्या सुमाराच्या, स्वात्मारामाच्या 'हठयोगप्रदीपिके'त तो 'पश्चिमतान' या नावाने येतो. पूर्वेकडे तोंड करून बसलेल्याची पाठ पश्चिमेला असते, म्हणून पश्चिम म्हणजे अंगाची मागची बाजू; आणि 'तान' ज्या 'तन्' धातूचा, त्याच धातूचा आपला 'ताण'. ग्रंथात फळे सांगितली आहेत ती प्राण मागच्या मार्गाने वाहण्याची, जठराग्नी चेतण्याची आणि पोट बारीक होण्याची. मांडीमागच्या स्नायूंचा तिथे उल्लेखही नाही.

साधकांचे हे आसन घराघरांत पोहोचले त्यात मुंबईच्या उपनगराचा वाटा मोठा आहे. मणिभाई हरिभाई देसाई, म्हणजेच पुढचे श्री योगेंद्र, यांनी २५ डिसेंबर १९१८ रोजी वेसाव्याच्या किनाऱ्यावर, दादाभाई नौरोजींच्या 'द सँड्स' या बंगल्यात योग संस्था सुरू केली. पुढे ती सांताक्रूझला गेली. संसार सांभाळणाऱ्या माणसालाही योग करता आला पाहिजे, हा योगेंद्रांचा आग्रह होता आणि त्यासाठी त्यांनी आसने सोपी करून मांडली. त्यांचे गुरुबंधू जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजे स्वामी कुवलयानंद, यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि योगक्रियांची तपासणी क्ष-किरणांनी व दाबमापकांनी सुरू केली.

त्याच वर्षी इंग्लंडमध्ये लिडेल आणि शेरिंग्टन या शरीरशास्त्रज्ञांनी ताणाच्या प्रतिक्षिप्त क्रियेवरचे संशोधन प्रसिद्ध केले. स्नायू झटक्याने ताणला की त्याच्या आतल्या संवेदकांकडून मज्जारज्जूला इशारा जातो आणि स्नायू उलट आवळतो. शाळेच्या कवायतीत 'एक, दोन' म्हणत हिसके देत वाकणारा मुलगा त्यामुळे स्वतःच्याच स्नायूशी झगडत असतो. सावकाश वाकून, श्वास सोडत तिथेच थांबले तर हा विरोध बराच कमी होतो. आसन स्थिर ठेवण्याची जुनी शिस्त इथे शरीरशास्त्राशी पुरेपूर जुळते.

खेळाच्या जगात या आकृतीला मोजपट्टी लागली ती १९५२ मध्ये. अमेरिकेत कॅथरीन वेल्स आणि एव्हलिन डिलन यांनी बसून पुढे वाकण्याची चाचणी मांडली. आज तिचे प्रचलित रूप असे: बूट काढायचे, तळवे खोक्याला टेकवायचे, गुडघे सरळ ठेवायचे आणि खोक्यावरच्या पट्टीवरून बोटे पुढे सरकवत न्यायची. बोटे जिथे थांबतील तो सेंटिमीटरचा आकडा. 'खेलो इंडिया'च्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत मोठ्या मुलांची लवचीकता अशीच मोजतात. पण हा आकडा जपून वाचायला हवा. लांब हातांच्या आणि आखूड पायांच्या मुलाला तो आयताच मिळतो. वाढीच्या वयात पाय आधी लांब होतात, तेव्हा तर चांगला खेळाडूही मागे पडतो. चाचणी मांडीमागच्या स्नायूंबद्दल बऱ्यापैकी सांगते, कमरेबद्दल फारच थोडे.

ताण दिल्याने स्नायू लांब होतो, ही समजूतही सुधारावी लागली. काही आठवड्यांच्या सरावाने माणूस जास्त वाकू लागतो तो मुख्यतः तेवढा ताण सोसण्याची तयारी वाढल्यामुळे. शिवाय खेळापूर्वी एकाच स्नायूला मिनिटभर किंवा अधिक वेळ स्थिर ताण दिला, तर त्याची ताकद काही काळ थोडी घटते. उडी आणि धावही त्यामुळे मंदावते.

म्हणूनच चढाईला निघणाऱ्या कबड्डीपटूला आधी हलके धावणे, पाय पुढेमागे झुलवणे, लंजेस असा हालता वॉर्मअप उपयोगी पडतो. बचावपटूला पायाच्या बोटाने शिवायला चढाई करणाऱ्याचा पाय क्षणात लांबवर जावा लागतो आणि तितक्याच वेगाने परत यावा लागतो. तिथे निवांत ताणलेल्या स्नायूपेक्षा गरम झालेला स्नायू कामाचा. अंगठे धरून तीस सेकंद थांबण्याची जागा आता सरावाच्या शेवटी, घाम निथळत असताना, मैदानाच्या कडेला आहे.