पनवेलची चाकं, हायवेच्या गाड्या

पनवेल म्हटलं की आज लोकांच्या डोळ्यांपुढे ट्रॅफिक, टॉवर आणि विमानतळ येतो. माझ्या धंद्यातल्या माणसाला खरं तर चाक आठवायला हवं. इंग्रजी अमदानीतली गॅझेटियरं उघडा. पनवेलच्या बंदराबरोबर तिथे बैलगाडीची चाकं बनवण्याच्या धंद्याचीही नोंद सापडते. गाडी कुठलीही असो, चाक पनवेलचं, असा तो काळ होता. शिरढोणला, गोवा हायवेला लागून, मी टायर आणि अलाइनमेंटचं दुकान चालवतो. रोज कुणी ना कुणी पोरगा खाली बसवलेली गाडी घेऊन येतो आणि ‘काका, ऑफसेट किती टाकू?’ म्हणून विचारतो. चाक किती आत नि किती बाहेर बसवायचं, एवढाच तो प्रश्न. त्याला वाटतं हे नवीन आहे. या भागात हा प्रश्न दीड-पावणेदोनशे वर्षं जुना आहे.

1830 साली बोरघाटातून गाडीरस्ता झाला. त्याआधी घाट चढायचा तो बैलांच्या पाठीवर गोण्या लादून. रस्ता झाला आणि मुंबईचा माल मचव्यांतून पनवेलच्या बंदराला लागायचा, तिथून गाड्यांत भरून खोपोलीमार्गे वर पुण्याला जायचा. देशावरचा माल तसाच उलट्या वाटेनं खाली उतरायचा. घाटातली चढण, दगड, पावसाळ्यातला चिखल यांच्यापुढे चाक किती टिकणार? जिथे चाकं मोडतात तिथेच सुतार आणि लोहार दुकान मांडतात. मी हायवेच्या कडेला बसलोय तोही याच हिशेबानं.

आमचे आजोबा सुतार. त्यांच्याही वडिलांनी पनवेलात चाकंच केली. मधला तुंबा, त्यात ठोकलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर पुठ्ठे आणि त्या सगळ्याला आवळणारी लोखंडी धाव. धाव चढवणं हे सुतार-लोहार दोघांचं काम. धाव चाकापेक्षा किंचित लहान ठेवायची, गोवऱ्यांच्या गोल भट्टीत लाल करायची, म्हणजे ती फुगते. मग चिमट्यांनी उचलून चाकावर बसवायची आणि लगेच पाणी ओतायचं. लोखंड आकसलं की आरे तुंब्यात असे कचकन बसायचे की खिळ्याची गरज नाही. किती लहान ठेवायची याचं माप कागदावर नव्हतं. जास्त लहान ठेवली तर आरे वाकणार, कमी ठेवली तर उन्हाळ्यात लाकूड सुकल्यावर धाव सैल होऊन रस्त्यात निसटणार.

पण आजोबांचं खरं डोकं चालायचं ते दोन चाकांमधल्या अंतरावर. गिऱ्हाईक आलं की त्यांचा पहिला प्रश्न लाकडाचा नसायचा. ‘गाडी चालणार कुठं? नि भरणार काय?’ मातीच्या रस्त्यावर आधीच्या गाड्यांनी चाकोऱ्या पाडलेल्या असायच्या. तुमची गाडी त्यांच्यापेक्षा चार बोटं रुंद असली तर एक चाक चाकोरीत आणि दुसरं वरंब्यावर. गाडी तिरकी, बैल बेजार, आणि वजन सगळं एका बाजूला. म्हणून आखाची लांबी ही मालकाच्या हौसेची बाब नव्हती. ती वाटेनं ठरवून दिलेली असायची. थोडा फरक असला तर तुंब्याच्या आत किंवा बाहेर लोखंडी चकती घालून चाक सरकवायचं. चकती आत घातली की चाक बाहेर येतं. बाहेर आलेल्या चाकानं आख लवकर वाकतो, हेही आजोबा त्याच दमात सांगायचे. आता हीच चकती ॲल्युमिनियमची मिळते, तिला स्पेसर म्हणतात, आणि पोरं ती ऑनलाइन मागवतात.

ज्या शिरढोणात मी बसलोय ते आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडक्यांचं गाव. 4 नोव्हेंबर 1845 ला ते इथे जन्मले, म्हणजे घाटरस्ता होऊन पंधरा वर्षं झाली होती. त्यांचे आजोबा कर्नाळ्याचे किल्लेदार होते, त्या किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका आमच्या दुकानातून दिसतो. त्यांच्या लहानपणी पुण्याची वाट पनवेलवरून आणि घाटातूनच जायची. गाडीवाले अजून मला त्यांच्या स्मारकाचा रस्ता विचारतात. अलीकडे काही जण त्याच्यापुढे आणखी एक प्रश्न लावतात: आत स्पीडब्रेकर किती आहेत?

1863 साली बोरघाटातून आगगाडी वर गेली आणि पनवेलच्या बंदराचं महत्त्व ओसरलं. चाकांचा धंदा मात्र लगेच संपला नाही, कारण पनवेलला स्वतःची रेल्वे यायला 1960 चं दशक उजाडलं. तोवर भाताचे भारे, मीठ, लाकूड, विटा गाडीवरच. धाव संपवली ती रबरानं. 1936 साली बंगालमधल्या साहागंजला डनलॉपचा कारखाना निघाला. पुढे रबरी टायरच्या बैलगाड्या आल्या तेव्हा लोकांनी कंपनीचं नावच गाडीला देऊन टाकलं. ‘डनलॉप आणलाय’ म्हणजे बैलगाडी आणली आहे. डांबरी रस्त्याला लोखंडी धावेपेक्षा ती बरी, बैलांनाही हलकी. आजोबांनी काही वर्षं साट्या आणि दांड्या केल्या. वडिलांनी पंक्चरचं दुकान टाकलं.

वडिलांच्या काळात टायरचा प्रश्न फार सोपा होता. कुर्ल्याच्या प्रीमियरमधून निघणाऱ्या फियाटला, म्हणजे नंतरच्या पद्मिनीला, 5.20-14. ॲम्बेसेडरला 5.90-15. विषय संपला. मारुती 1983 च्या डिसेंबरात आली तेव्हा तिची 12 इंची चाकं बघून वडील म्हणाले होते, ही रिक्षाची मोठी बहीण. तेव्हाही हौशी माणसं होतीच. पद्मिनीला पुढे गुंडाळी स्प्रिंग, मागे पाटे. पुढची स्प्रिंग एक वेढा कापायची, मागचा एक पाटा काढायचा, गाडी बसली. चाक तेच, टायर तोच, त्यामुळे कुठे घासायचा सवाल कमी. जीपवाले मात्र लेथवर रिम फाडून मध्ये पट्टा टाकायचे आणि वेल्डिंग करून रुंद करून घ्यायचे. पट्टा बाहेरच्या अंगाला टाकला की चाक बाहेर, आतल्या अंगाला टाकला की आत. ऑफसेट हा शब्द त्या लेथवाल्याला ठाऊक नव्हता, पण तो दिवसभर तेच ठरवत होता.

1998 ला होंडा सिटी आली, 2005 ला स्विफ्ट, आणि मग हा छंद खऱ्या अर्थानं सुरू झाला. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुनी मॅग व्हील्स मिळतात. चार बोल्ट, 100 मिलिमीटरचं वर्तुळ जुळलं की पोरगा खूश. बोल्ट बसले म्हणजे चाक बसलं असं त्याला वाटतं. मॅगच्या पाठीमागे बहुधा ‘ईटी’ आणि एक आकडा कोरलेला असतो, तो कुणी बघत नाही. चाक ज्या पृष्ठभागावर हबला टेकतं तो चाकाच्या मध्यरेषेपासून किती मिलिमीटर दूर आहे, एवढंच तो आकडा सांगतो. तो पृष्ठभाग बाहेरच्या अंगाला असेल तर आकडा अधिक. आकडा कमी केला की चाक बाहेर येतं, वाढवला की आत जातं.

गेल्या पावसाळ्याआधी एक पोरगा आला, खांदा कॉलनीतला. स्विफ्ट, आधीच दुसरीकडे स्प्रिंगा कापून बसवलेली. डोक्यात 16 इंची, 7 इंच रुंद मॅग, ऑफसेट 35. मी त्याला बाकावर बसवलं आणि खडूनं फरशीवर आकडे मांडले. समजा तुझी मूळ रिम साडेपाच इंच रुंद आहे आणि ऑफसेट 45. नवी रिम दीड इंचानं रुंद, म्हणजे दोन्ही बाजूंना 19-19 मिलिमीटर वाढ. त्यात ऑफसेट 10 नं कमी, म्हणजे सगळं चाक आणखी 10 बाहेर. हिशेब काय झाला? बाहेरची कड 29 मिलिमीटर बाहेर, आतली कड 9 मिलिमीटर आत. आत 9 चालून जाईल, शॉकॉब्सरला जागा असते. बाहेर 29 म्हणजे खड्ड्यात चाक वर उठलं की टायर फेंडरच्या ओठाला लागणार. वर बेअरिंगवर जोर आणि स्टिअरिंग प्रत्येक खड्ड्याला हाताला झटका देणार. ऑफसेट 45 च ठेवलास तर दोन्हीकडे 19, मग आतल्या बाजूचा संशय.

‘काका, मग टायर लहान टाकतो, 195/50.’

हा दुसरा सापळा. मूळ 185/70 आर 14 ची उंची साधारण 615 मिलिमीटर. 195/50 आर 16 ची 601. टायर लहान झाला म्हणून गाडी आणखी 7 मिलिमीटर खाली, मीटर खऱ्यापेक्षा जास्त वेग दाखवणार. पण खरी अडचण बाजूच्या भिंतीची. मूळ टायरला रस्ता आणि रिम यांच्यामध्ये 130 मिलिमीटर रबर होतं, आता 98 उरलं. आणि तेवढ्या रबरावर आमचा गोवा हायवे काढायचा. त्याच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या 84 किलोमीटरचं चौपदरीकरण 2011 ला सुरू झालं आणि ते कसं रखडलं, रस्ता कसा खड्ड्यांत गेला ते कोकणातल्या प्रत्येक माणसाला तोंडपाठ आहे. त्या वर्षांत मी जेवढ्या वाकड्या रिमा आणि कुशीत फुगा आलेले टायर बघितले तेवढे वडिलांनी सबंध आयुष्यात बघितले नसतील. पातळ टायर खड्ड्याच्या कडेवर रिम आणि दगडामध्ये चेचला जातो, आतले धागे तुटतात आणि भिंत फुगते. त्याला दुरुस्ती नाही.

त्या पोराला त्याच्याच गाडीच्या जुन्या टायरच्या आतल्या कडा मी हातानं दाखवल्या. बाहेरून अर्धा टायर नवा, आतून तार दिसायला लागलेली. गाडी खाली बसवली की पुढचं चाक वरच्या अंगाला आत झुकतं. बघायला रुबाबदार दिसतं, पण सगळं वजन आतल्या कडेवर येतं, आणि टो, म्हणजे चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलीत ते माप, बिघडलेला असेल तर ती कड खरवडून निघते. बसवल्यानंतर अलाइनमेंट न करता तो सहा महिने फिरला होता. कापलेल्या स्प्रिंगचा तर मला राग आहे, तो मी लपवत नाही. वेढे कमी झाले की स्प्रिंग कडक होते, आणि जॅक लावून चाक लोंबलं की ती खोबणीतून निसटू शकते. बसवायचीच असेल तर त्यासाठी बनवलेली आखूड स्प्रिंग टाका. कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 सांगतं की कंपनीनं नोंदवलेली मूळ रचना बदलता येत नाही, आणि 9 जानेवारी 2019 ला सर्वोच्च न्यायालयानं तेच ठासून सांगितलं. हे मी प्रत्येकाला सांगतो. पोरं मान डोलावतात.

मग मी आजोबांचा प्रश्न विचारला. गाडी चालणार कुठं?

‘कॉलेज. रात्री पाम बीच रोड.’

आणखी?

‘गणपतीला चिपळूण.’

भरणार काय?

‘आई, बाबा, आजी. येताना आजी नारळ आणि तांदूळ घेते, डिकी भरून.’

झालं, चाक ठरलं. 15 इंची, साडेसहा इंच रुंद, ऑफसेट 42. मूळ रिमपेक्षा बाहेर 16 मिलिमीटर, आत 10. त्यावर 195/60 आर 15, ज्याची उंची बरोबर 615 येते आणि बाजूची भिंत 117. स्प्रिंगा मात्र बदलायच्या, गाडी पाऊण इंच वर येईल. पोरानं तोंड वाकडं केलं, मित्राला फोन केला, फोटो पाठवले, परत मला विचारलं, मागचं चाक तरी थोडं बाहेर घेता येईल का. मी म्हटलं, आजीला मागे बसवून ये, मग बघू.

आठवड्यानं मॅग घेऊन आला. बसवल्यावर मी माझ्या दोन पोऱ्यांना आणि शेजारच्या चहावाल्याला मागच्या सीटवर बसवलं, डिकीत सिमेंटची एक गोणी टाकली, उजव्या चाकाखाली लाकडी ठोकळा सारला आणि स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. फेंडर आणि टायरमध्ये बोट जात होतं. डाव्या बाजूला तीच तऱ्हा करायची होती, तेवढ्यात चहावाला म्हणाला की त्याचं दूध उतू चाललंय.