सुरतेच्या मायलेकी आणि मूकपटाचे युग

सुरत म्हटले की मराठी मनाला दोन आठवणी हटकून होतात. पहिली शिवछत्रपतींच्या १६६४ व १६७० मधील स्वाऱ्यांची; दुसरी १९०७ च्या काँग्रेस अधिवेशनाची, जेथे जहाल आणि मवाळ यांची फाटाफूट झाली. तापीकाठच्या या नगरीशी आपला आणखी एक धागा जुळतो. तो भारतीय चित्रपटाच्या बाल्यावस्थेचा आहे, आणि तो फातमा बेगम या कर्तबगार स्त्रीच्या नावाशी बांधलेला आहे.

सुरतेजवळ सचीन नावाचे एक लहान संस्थान होते. तेथील नवाब जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातले. १७९१ मध्ये पेशव्यांशी झालेल्या करारान्वये जंजिऱ्यावरील हक्काच्या बदल्यात हा मुलूख त्यांना मिळाला, आणि कोकणकिनाऱ्यावरील या घराण्याची एक शाखा गुजरातेत रुजली. फातमा बेगम यांचे नाव याच संस्थानच्या नवाबाशी जोडले जाते. त्या विवाहाची नोंद मात्र सापडत नाही. त्यांची कन्या जुबेदा हिचा जन्म १९११ चा, सुरतेचा. सुलताना आणि शहजादी या आणखी दोन कन्या. तिघीही पुढे पडद्यावर आल्या.

त्या काळी पडद्यावर येणे म्हणजे काय होते, हे ध्यानात घेतल्यावाचून या घराचे धाडस कळणार नाही. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. नाचगाण्यावर उपजीविका करणाऱ्या स्त्रियांनीही नकार दिला, आणि अखेर साळुंके नावाच्या तरुणाने तारामती साकारली. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत पार्वती झाल्या व त्यांची कन्या कमलाबाई मोहिनी झाली. मराठी मायलेकींनी उघडलेल्या त्या वाटेवरून नऊ वर्षांनी सुरतेच्या मायलेकी चालू लागल्या.

फातमा बेगम मूळच्या उर्दू रंगभूमीवरील नटी. अर्देशीर इराणी यांच्या संस्थेने काढलेल्या ‘वीर अभिमन्यू’ या १९२२ च्या मूकपटात त्या सुभद्रा झाल्या. मूकपटात संवाद बोलावयाचे नसत. मजकुराच्या पाट्या प्रेक्षकांच्या भाषेत लावता येत. म्हणूनच उर्दू बोलणारी मुसलमान नटी मराठी-गुजराती प्रेक्षकांपुढे श्रीकृष्णाची भगिनी आणि अभिमन्यूची माता म्हणून उभी राहू शकली. ज्यांनी हे कथानक देवळाच्या सभामंडपात कीर्तनातून ऐकले होते, त्यांच्याच पुढे ती उभी होती.

एवढ्यावर त्या थांबल्या असत्या तर एक गाजलेली नटी एवढीच त्यांची नोंद राहिली असती. परंतु १९२६ मध्ये त्यांनी ‘फातमा फिल्म्स’ ही स्वतःची संस्था काढली आणि ‘बुलबुल-ए-परिस्तान’ हा चित्रपट दिग्दर्शित केला. भारतात चित्रपट दिग्दर्शित करणारी पहिली स्त्री हा मान त्यांच्याकडे जातो. हा अद्भुतरम्य चित्रपट खर्चिक होता, आणि छायाचित्रणातील नाना युक्त्या त्यात योजल्या होत्या. कोहिनूर व इंपीरियल या मोठ्या संस्थांत भूमिका करीत असतानाच त्या आपल्या संस्थेचे निर्मितीचे आणि दिग्दर्शनाचे काम पाहत होत्या. १९२८ मध्ये संस्थेचे नाव ‘व्हिक्टोरिया-फातमा फिल्म्स’ झाले; ‘हीर रांझा’ व ‘चंद्रावळी’ हे त्या वर्षातले. या पडद्यावर इतरांनी रचलेल्या कथेत उभे राहणारी स्त्री आता कथा निवडू लागली होती. आमच्या मते त्यांच्या जीवनातील खरी क्रांती हीच.

१४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट झळकला. त्याची नायिका होती सुरतेत जन्मलेली जुबेदा. फातमा बेगम यांचे देहावसान १९८३ मध्ये झाले. आज ‘बुलबुल-ए-परिस्तान’ची एकही प्रत उपलब्ध नाही, ‘आलम आरा’चीही नाही. त्या काळची फिल्म चटकन पेट घेणारी व लवकर कुजणारी असे, आणि ती जतन करावी असे फारच थोड्यांना वाटले. मातेची कलाकृती गेली, कन्येचीही गेली. नावे तेवढी उरली.

हा इतिहास देवस्थानाशी निगडित अशा आपल्या समाजापुढे आम्ही हेतुपूर्वक मांडीत आहोत. गोमंतकातील आणि कोकणातील देवळांनी शतकानुशतके गायन-नर्तनाचा सांभाळ केला, हे आपण अभिमानाने सांगतो. पण पालखीपुढे आणि उत्सवात जिने गाइले, तिला देवळाबाहेर आपण कोणते स्थान दिले, हा प्रश्न टाळण्याजोगा नाही. तिच्या कलेचा आपण आस्वाद घेतला, आणि तिच्या घराला मात्र प्रतिष्ठेच्या उंबरठ्याबाहेर ठेवले. फातमा बेगम यांचे चित्रपट परत आणणे आता कोणाच्या हाती नाही. मात्र ज्या देवस्थानांच्या जुन्या वह्यांत सेवा करणाऱ्या गायिका-नर्तकींची नावे असतील, ती वाळवीच्या तोंडी जाण्यापूर्वी उतरवून घेणे आपल्या हाती आहे. येत्या उत्सवापूर्वी प्रत्येक समितीने निदान ते दप्तर एकदा उघडून पाहावे, अशी आमची विनंती आहे.