बिनकामाचा जॉब

माझ्या टेबलावर लोखंडाचा एक चौकोनी तुकडा असतो. पन्नास बाय पन्नास, जाडी सहा मिलिमीटर, एका कडेला इंग्रजी व्हीसारखी खाच आणि कोपऱ्यात पंचने ठोकलेला रोल नंबर. कागदांवर ठेवायला बरा पडतो, पण त्यासाठी तो केलेला नव्हता. खरं तर कशासाठीच केलेला नव्हता. आठवीत टेक्निकल घेतलेल्या आम्हा मुलांचा तो पहिला ‘जॉब’.

एखादी भाषा सोडून टेक्निकल घेता यायचं. शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आधी पट्टीवर मोरचुदाचं पाणी फिरवायचं. लोखंडावर तांब्याचा लालसर थर चढतो आणि त्यावर स्क्रायबरची रेघ स्वच्छ उठते. मग पट्टी व्हाइसमध्ये आवळून रेघेपर्यंत कानस मारायची. पुढे जाताना दाब, मागे येताना नाही. हे सांगायला एक मिनिट लागतं, हातात बसायला अख्खी टर्म जाते. मधूनमधून कडेला गुण्या लावून जॉब खिडकीकडे धरायचा. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घासा. उजेड बंद करायच्या नादात पन्नासाचे अठ्ठेचाळीस करून बसणारे दर बॅचला निघत. मीही त्यातलाच. टेबलावरचा तुकडा दुसऱ्या खेपेचा आहे.

इतका घाम गाळून केलेली वस्तू कुणाच्याच उपयोगाची नाही, याचं तेव्हा नवल वाटायचं. त्यामागचा विचार मात्र पक्का आहे, आणि त्याचं गाव मॉस्को.

तिथल्या इम्पीरियल टेक्निकल स्कूलचे प्रमुख व्हिक्टर डेला व्हॉस यांच्यापुढे अडचण होती ती अशी : उमेदवारी करणारा पोरगा उस्तादाच्या हाताखाली वर्षानुवर्षं राबतो, समोर जे काम येईल तेवढंच शिकतो, आणि एका शिक्षकाला एका वेळी शिकवायची असतात वर्गभर मुलं. १८६८च्या सुमारास त्यांनी शिकण्याची कार्यशाळा आणि माल तयार करण्याची कार्यशाळा वेगळ्या केल्या. कसबाचे तुकडे पाडले. कानस मारणं वेगळं, कातकाम वेगळं, जोड वेगळा. सोप्याकडून अवघडाकडे जाणारे नमुने ठरवले आणि प्रत्येक मुलाला स्वतःचं बाक आणि हत्यारं दिली. हे नमुने १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात मांडले गेले. एमआयटीचे अध्यक्ष जॉन रंकल ते बघून भारावले, आणि १८७९ मध्ये सेंट लुईस इथे कॅल्विन वुडवर्ड यांनी पोरवयाच्या मुलांसाठी ‘मॅन्युअल ट्रेनिंग स्कूल’ काढलं. वस्तू गौण, हात तयार होणं महत्त्वाचं, ही त्यामागची धारणा. माझ्या टेबलावरचा चौकोन त्याच घराण्यातला.

आपल्याकडे गोष्ट निराळ्या टोकाने सुरू झाली. १८८२च्या हंटर आयोगाने हायस्कूलच्या वरच्या वर्गांना दोन फाटे सुचवले. एक विद्यापीठाकडे जाणारा, दुसरा व्यापार आणि व्यवहाराकडे जाणारा. गर्दी पहिल्याच फाट्यावर राहिली, कारण सरकारी नोकरी त्या वाटेवर होती. मुंबईत १८८७ मध्ये व्हीजेटीआय निघालं, पण ते शाळेच्या बाहेर.

हायस्कूलच्या मुलाच्या हातात कानस यायला इतका उशीर का झाला, याचं एक उत्तर पैशात आहे आणि दुसरं जातीत. सुताराचा मुलगा रंधा घरीच शिकत होता. त्याला शाळेत येऊ देणं हा प्रश्न होता. आणि शाळेत जो येत होता त्याच्या घरच्यांना रंधा नको होता. मला वाटतं, मॉस्कोच्या बिनकामाच्या जॉबने इथे नकळत एक सोय केली. जी वस्तू कुणाला विकायची नाही, ती करणारा ‘लोहारकाम’ करत नाही, तो ‘प्रॅक्टिकल’ करतो. पांढरपेशा घराला एवढा फरक पुरला.

गांधीजींना नेमकं हेच नको होतं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये वर्ध्याच्या परिषदेत त्यांनी उद्योगातूनच शिक्षण आणि मुलांनी केलेल्या वस्तूंच्या मोलावर शाळेचा खर्च, असा आग्रह धरला. सूत कातलं जावं, खपावं. त्याच वर्षी अ‍ॅबट आणि वुड या इंग्रज जोडीच्या अहवालाने उलट सल्ला दिला : व्यवसायाच्या शाळा वेगळ्या ठेवा, सामान्य शाळांना समांतर. वर्धा आदरात राहिलं, चाललं मात्र दुसरंच.

मग १९५२-५३चा मुदलियार आयोग आला. त्याने सात शाखांच्या बहुउद्देशीय शाळा सुचवल्या, त्यातली एक तांत्रिक. जुन्या शाळांमागे जे लेथ आणि भात्यांच्या भट्ट्या दिसतात, त्यातल्या बऱ्याच त्या काळच्या उत्साहाच्या. पण कोठारी आयोगाने (१९६४-६६) दहावीआधी शाखा नकोत असं सांगितलं, महाराष्ट्रात १९७५ साली नवी दहावी आली, आणि शाखेचा विषय झाला. पॉलिटेक्निकच्या प्रवेशात टेक्निकलवाल्यांना वेगळ्या जागा असत, म्हणून तो विषय टिकला. अकरावी-बारावीच्या बायफोकलचंही तेच. दोनशे मार्कांचं इलेक्ट्रॉनिक्स किंवा स्कूटर दुरुस्ती घेतली की जीवशास्त्र सुटतं आणि दुसरी भाषाही. कितीतरी इंजिनिअर या सुटकेच्या वाटेने तयार झाले. स्कूटर मात्र त्यांनी गॅरेजमध्येच दिली.

या सगळ्यात पाबळ वेगळं. शिरूर तालुक्यातल्या या गावात डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. हिंदुस्तान लिव्हरमधल्या संशोधनाची नोकरी सोडून आलेल्या या माणसाने डेला व्हॉसचा हिशेबच उलटा केला. मुलांनी जे करायचं ते गावाला लागणारं हवं. वेल्डिंग शिकायचं तर कुणाला तरी खरंच हवं असलेलं फाटक करा, शेती शिकायची तर पीक काढा, आणि खर्चाचा हिशेब मांडा. ‘मूलभूत तंत्रज्ञान ओळख’ या नावाने हा विषय १९८७ मध्ये दहावीच्या मंडळाने स्वीकारला. माझ्या मते वर्ध्याचा आग्रह टिकला तो इथे, चरख्याऐवजी वेल्डिंगच्या गॉगलमागे. यात जोखीम मोठी. जॉब दोन मिलिमीटर कमी भरला तर मार्क जातात. फाटक दोन सेंटिमीटर कमी भरलं तर मालक दारात येऊन उभा राहतो.

अलीकडे एका शाळेतली अटल टिंकरिंग लॅब बघायला गेलो होतो. शेडऐवजी एसी खोली, मोरचुदाचं पाणी नाही, बोटांना काळं नाही. सहावीतल्या मुली थ्रीडी प्रिंटरभोवती दाटीने उभ्या होत्या. चाळीसेक मिनिटं यंत्र गुरगुरत राहिलं आणि पहिली वस्तू निघाली, नाव कोरलेली हिरवी की-चेन. मी खिशातली घराची किल्ली काढून दिली. बसली.