पिंग-चाचणीतील उगमपत्ता

माइक म्यूस यांनी १९८३ मध्ये लिहिलेली पिंग ही आज्ञा राउटरवरून दिली असता पॅकेटवर प्रेषक म्हणून जो पत्ता उमटतो, तो चाचणी घेणाऱ्याच्या मनातलाच असेल असे नाही. आर्वीच्या उपग्रह भूकेंद्रामुळे दळणवळणाशी ज्याचे नाते जडले, त्या नारायणगाव परिसरातील एखाद्या राउटरची एक वाट जुन्नरकडे व दुसरी मंचरकडे जाते असे मानले, तर घोडेगावला मंचरमार्गे घातलेल्या हाकेवर सामान्यतः मंचरकडील दाराचाच पत्ता, समजा १०.०.२.१, पडतो, कचेरीतील संगणकांचा १९२.१६८.१.० हा मुलूख त्यात येतच नाही. म्हणून त्या मुलखाची परतवाट घोडेगावला ठाऊक नसली तरी सिस्कोच्या राउटरवर यशाची पाच उद्गारचिन्हे उमटतात आणि कारकुनाचा संगणक मात्र मुका राहतो. बोल उगाच तारेला लागतो. अशा वेळी आज्ञेत कचेरीकडील उगमपत्ता स्पष्ट नमूद करून चाचणी पुन्हा घ्यावी, आणि उत्तर न आल्याची पाच टिंबे आली तर घोडेगावच्या मार्गतक्त्यात त्या मुलखाची परतवाट नोंदली आहे काय, की एखादा पहाऱ्याचा नियम आडवा येतो, हे तपासावे. उत्तरादाखल भलताच पत्ता दिसल्यास तो बहुधा ‘गंतव्य अप्राप्य’ असा शेरा मारणाऱ्या मधल्या राउटरचा असतो.